लिद्दरच्या काठी

मासेमारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र, होड्या आणि जाळी येतात. काश्मीरमध्ये मात्र मी निराळीच मासेमारी पाहिली. तिथे होडी नव्हती, जाळे नव्हते. एक लवचीक काठी, एक लांब दोरी आणि गळाला बांधलेली पिसांची इवलीशी माशी, एवढेच साहित्य!

बी.एड.साठी मी श्रीनगरला राहत होतो. माझा एक वर्गमित्र पहलगामजवळच्या खेड्यातला होता. सुट्टी लागली की तो मला आग्रहाने घरी नेई. त्याचे वडील, म्हणजे आमचे चाचा, ट्राउट मासे पकडायला येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवत. त्यावरच घर चाले.

पहलगामला लिद्दर नदीचे दोन प्रवाह एकत्र येतात. एक कोलाहोई हिमनदीकडून येतो, तर दुसरा शेषनागकडून. ट्राउट हा इथला मूळचा मासा नाही. इंग्रजांच्या काळात तो ब्रिटनहून आणला गेला. पहिला प्रयत्न फसला. १९०० साली दुसरा यशस्वी झाला. थंड आणि स्वच्छ पाण्यातच हा मासा जगतो. लिद्दर त्याला मानवली.

एप्रिलमध्ये मासेमारीचा हंगाम सुरू होतो. त्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि किती मासे न्यायचे तेही ठरलेले असते. पुढे उन्हाने बर्फ वितळते, नदी फुगते आणि पाणी गढूळ होते. अशा वेळी चाचा पाण्यातला एखादा दगड उचलून उलटा करत. त्याला चिकटलेले किडे दाखवून ते मला म्हणत, "बेटा, मासा आज काय खातोय, ते आधी नदीला विचारावं." मग तशाच रंगाची माशी ते गळाला बांधत.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो. म्हणून माणसाने मागून, हलक्या पावलांनी जायचे. पाण्यावर सावली पडली, की मासा पळालाच! तासन्‌तास उभे राहूनही कधी कधी हात रिकामेच राहत. सबुरी म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

सप्टेंबरमध्ये पाणी काचेसारखे निवळते. हंगामाच्या अखेरच्या दिवशी एका पाहुण्याच्या परवान्यातले मासे पुरे झाले होते. तेवढ्यात आणखी एक मोठी मादी गळाला लागली. पाहुणा म्हणाला, "ही मला द्या. हवे तेवढे बक्षीस देतो." त्या वर्षी चाचांच्या घराचे पत्रे गळत होते आणि हिवाळा तोंडावर आला होता. मी चाचांकडे पाहत राहिलो. त्यांनी आधी हात पाण्यात भिजवले, अलगद गळ सोडवला आणि मासा प्रवाहात धरून ठेवला. दम येताच तो सळकन निघून गेला. "साहेब, तिच्या पोटात अंडी आहेत," एवढेच ते म्हणाले. पाहुणा बक्षीस न देताच निघून गेला.

डिसेंबरच्या २१ तारखेला चिल्लई कलान सुरू होते. ही चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी. त्या दिवसांत मी गेलो, तेव्हा छपरातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली चाचींनी पातेले ठेवले होते. चाचा मला नदीवर घेऊन गेले. नदीच्या तळाशी, वाळू-खड्यांच्या खाली ट्राउटची अंडी निजलेली असतात, हे त्यांनी मला सांगितले. म्हणूनच या काळात कोणी गळ टाकत नाही.

वसंतात काठच्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढी पिल्ले वळवळू लागली. ती मोठी व्हायला दोन-तीन वर्षे लागणार होती. चाचा बराच वेळ वाकून त्यांच्याकडे पाहत होते.

घराचे पत्रे त्यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये बदलले, स्वतःच्या कमाईतून.