चगार हुतांगची वाळू

उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक मे महिन्यात काय करतात, हे आमच्या मोहल्ल्यात सर्वांना पाठ आहे. पेपर तपासतात, निकालपत्रके भरतात आणि उरलेल्या दिवसांत लग्नांच्या दावती खातात. २०२४ साली त्यात लोकसभा निवडणुकीची ड्यूटी आली. ७ मेचे मतदान आटोपून, मतदान यंत्रे जमा करून आम्ही घरी आलो आणि दहा दिवसांनी मलेशियाला निघालो. नोकरीसाठी नाही, फिरायला नाही. समुद्राच्या काठी रात्रभर जागून कासवांची राखण करायला. हे ऐकून शेजारचे चाचा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पगार किती देणार?"

पगार नव्हताच. उलट राहण्याखाण्याचे पैसे आम्हीच भरले होते. आमच्या कोकणातली माणसे परदेशी जातात ती जहाजावर, नाहीतर कुवेत-मस्कतला, किंवा मग हज-उमऱ्याला. पदरचे पैसे घालून राबायला जाणे या कुठल्याच खात्यात बसत नव्हते. अम्मींनी एकच विचारले, "एवढ्या पैशांत दोघांचा नाही तरी एकाचा उमरा झाला नसता का?" झाला असता. त्या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नीटसे नाही.

आम्ही म्हणजे नवराबायको. दोघेही बी.एड., दोघेही उर्दू शाळेत. एकाकडे गणित-विज्ञान, दुसरीकडे भूगोल आणि उर्दू. लिहिणारा हात एकाचा असला तरी पाहणारे डोळे चार होते, म्हणून 'आम्ही'.

कासवांशी आमची ओळख झाली ती वेळासला. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली काम सुरू केले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, हे वाचकांना माहीत असेलच. तिथे मुलांची सहल नेली होती. सकाळी टोपलीतून पिल्ले वाळूवर सोडली, ती तुरुतुरु पाण्यात गेली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, यांची अम्मी कुठे आहे?" पुस्तकातले उत्तर आम्ही दिले. पण आई आम्हीही कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात ती साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत, आणि तीही रात्री. मे महिन्यात आमचा किनारा रिकामा. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र मेमध्ये हंगाम भरात असतो. त्यातच २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीयांना तिथे ३० दिवसांसाठी व्हिसा लागेनासा झाला, आणि एका धाकट्या भावाची नोकरी क्वालालंपूरला. असे सगळे जुळून आले.

तेरेंगानू राज्यात उतरल्यावर पहिला आनंद कासवाचा नव्हता, अक्षरांचा होता. तिथे दुकानांच्या पाट्यांवर रोमनबरोबर जावी लिपीही असते. जावी म्हणजे अरबी अक्षरांत लिहिलेली मलाय. आम्ही मोठमोठ्याने वाचत सुटलो. वाचता सगळे येत होते, अर्थ मात्र एकाचाही लागत नव्हता. मधूनच 'किताब', 'दुनिया', 'सबर', 'वक्तू' भेटत. 'गुरु' आणि 'बहासा' हे शब्द तर संस्कृतातून तिकडे गेलेले. 'फे'वर तीन नुक्ते दिले की 'प' होतो आणि 'ऐन'वर तीन दिले की 'ङ', हे कळल्यावर कासवाचा मलाय शब्द आम्ही स्वतः वाचला : पेन्यू. पहिलीतल्या पोराला होतो तसला आनंद झाला.

रेडांग हे बेट किनाऱ्यापासून बोटीने गाठायचे. त्याच्या उत्तर टोकाला चगार हुतांग नावाचा जेमतेम साडेतीनशे मीटरचा वाळूचा तुकडा आहे. मागे जंगल, पुढे समुद्र. चगार म्हणजे तारण आणि हुतांग म्हणजे कर्ज. तेरेंगानूच्या विद्यापीठातले सागरी कासव संशोधन पथक १९९३ पासून इथे काम करते. चान एंग हेंग आणि लिऊ हॉक चार्क या दोन प्राध्यापकांनी ते उभे केले. त्या काळी अंडी गोळा करण्याचे सरकारी परवाने होते. पथकाने सुरुवातीला परवानेवाल्यांना अंड्यांचे पैसे मोजले आणि अंडी वाळूतच राहू दिली. २००५ साली हा किनारा राखीव झाला. दर आठवड्याला स्वयंसेवकांची एक तुकडी येते. आमच्या तुकडीत मलाय विद्यार्थी, एक चिनी नर्सबाई, दोन युरोपियन मुली आणि आम्ही.

काम काय असते? खरे सांगायचे तर बहुतेक वेळ काही न करणे. आम्हा मास्तर मंडळींना हे फार जड जाते. पांढरा उजेड लावायचा नाही, मोबाइल बंद, बोलायचे तर कुजबुजत. मादी पाण्यातून वर आली की हलायचे नाही. ती वाळू उडवत मोठा खड्डा करते, मग मागच्या दोन पायांनी त्यात अंड्यांसाठी खोल मडक्यासारखी जागा कोरते. मध्येच काही खटकले, मुळी लागली, वाळू कोरडी निघून ढासळू लागली की सगळे टाकून परत समुद्रात. पहिल्या रात्री तीन माद्या आल्या आणि तिन्ही अंडी न घालता गेल्या. पाच तास आम्ही ओल्या वाळूवर बसून होतो. नर्सबाई कानात म्हणाल्या, "प्रसूतीच्या वॉर्डातही असंच असतं."

दुसऱ्या रात्री, दोन वाजून गेल्यावर, आम्हाला रांगत मागच्या बाजूने यायची खूण झाली. लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात पाहिले. पाठ मीटरभर लांब, वजन शंभर किलोच्या वर सहज असेल. हिरवे कासव म्हणतात तिला, पण अंधारात ती ओल्या कातळासारखी दिसत होती. पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी अंडी दोन-दोन, तीन-तीन अशी पडत होती. एकदा अंडी सुरू झाली की ती सहसा उठत नाही. तेवढ्या वेळात मापे घ्यायची, पुढच्या पायावरच्या पट्टीचा नंबर वाचायचा, अंडी मोजायची. मोजणी आमच्याकडे आली. ११२. मोजताना तिचा श्वास ऐकू येई. दमेकरी माणूस जिना चढून आल्यावर सोडतो तसा.

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. विज्ञान शिकवणाऱ्याने लगेच हळू आवाजात सांगितले की समुद्राचे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्याचे हे पाणी. ते खरेच आहे. तरी दोघांपैकी कुणाच्याच अंगावरचा काटा त्यामुळे गेला नाही.

अंडी झाकून, वरून उगाचच इकडेतिकडे वाळू उडवून ती गेली. पिल्ले बाहेर येईतो पन्नास-साठ दिवस जातात, आई त्यांच्याकडे परत येत नाही. आली तर दहा-बारा दिवसांनी दुसरे घरटे करायला. आम्ही घरट्याला नंबराची काठी लावली आणि घोरपडींपासून जपायला वर जाळी टाकली. अंडी जिथल्या तिथे. फजरच्या वेळी पाहिले तर वाळूवर तिच्या येण्याजाण्याच्या दोन रेघा होत्या, ट्रॅक्टर गेल्यासारख्या.

अंडी हलवत का नाहीत, हे आम्ही आल्याआल्या विचारले होते. वेळासला तर ती उचलून कुंपणात नेऊन पुरतात. भरती, कोल्हे, कुत्री, माणसे, इतक्या शत्रूंपुढे तिथे दुसरा मार्ग नाही, आणि मोठ्या काळजीने ते करतात. पण याच तेरेंगानूत, मुख्य भूमीवर रांताऊ आबांग नावाचा किनारा आहे, त्याची हकीकत तिथल्या संशोधक मुलीने आम्हाला सांगितली. ती ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतो.

रांताऊ आबांगला लेदरबॅक येत. जगातले सगळ्यात मोठे कासव. त्याच्या पाठीवर कमरखासारख्या उभ्या धारा असतात, म्हणून मलायमध्ये त्याचे नाव पेन्यू बेलिंबिंग, कमरख-कासव. १९५० च्या दशकात तिथे वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरटी होत. जवळजवळ सगळी अंडी काढून बाजारात जात. पुढे समुद्रात मोठी जाळी आली, त्यांत मोठी कासवे मेली. किनाऱ्यावर पर्यटक जमू लागले. टॉर्च मारत, मादीच्या पाठीवर बसून फोटो काढत. असे नव्हते की कुणी काही केले नाही. १९६० च्या दशकापासून काही अंडी विकत घेऊन कुंपणात उबवत, पिल्ले सोडत. पण कासवात नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण २९ अंशांच्या वर वाळू तापली की माद्या जास्त. उघड्यावरच्या कुंपणातली वाळू तापत होती. १९८० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा कळले की कुंपणांतून निघणारी पिल्ले जवळजवळ सगळी मादीच होती. वर्षानुवर्षे भल्या माणसांनी टाळ्या वाजवत समुद्रात सोडलेली ती पिल्ले! आज रांताऊ आबांगला लेदरबॅक येत नाही म्हटले तरी चालेल.

याचा दोष कुणाला द्यायचा? सोयीचा आरोपी किनाऱ्यावरचा गरीब माणूस असतो. आम्हीही मनात तोच धरून गेलो होतो, असे म्हणायला हरकत नाही. पण तिथे एक वयस्कर रखवालदार होते, सगळे त्यांना पाकचिक म्हणत, म्हणजे चाचा. सलाम झाल्यावर आमची त्यांच्याशी गट्टी जमली. थोडे इंग्रजी, थोडे हातवारे, उरलेले त्या संशोधक मुलीकडून. त्यांच्या आजोबांकडे एका किनाऱ्याच्या अंड्यांचा ठेका होता. दहाव्या वर्षापासून पाकचिक काठी खुपसून घरटी शोधत. "अंडी खाल्लीत?" आम्ही विचारले. "पोटभर. त्यावरच शाळेत गेलो." तिथले मलाय शाफई, आम्ही कोकणी मुसलमानही शाफई. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा जीव म्हणून ते कासवाचे मांस खात नाहीत. अंड्यांना मात्र मनाई मानली नाही. त्यामुळे किनाऱ्यावर आलेली आई धडधाकट परत जायची आणि पोटचे सगळे बाजारात जायचे. आमच्या दादीही सांगत की भंडारी-कोळ्यांच्या बायका कासवाची अंडी टोपलीतून आणत आणि मोहल्ल्यात ती खपत. म्हणजे पाकचिकना नावे ठेवायला आमचे तोंड कुठे होते?

तेरेंगानूत लेदरबॅकच्या अंड्यांवर बंदी आधीच आली होती, पण बाकी कासवांची अंडी क्वाला तेरेंगानूच्या पासार पायांग बाजारात उघड विकली जात. सर्व जातींच्या अंड्यांचा व्यापार तिथे बंद झाला तो २०२२ च्या जूनमध्ये. पाकचिकना आम्ही विचारले, ठेके गेले त्यांचे काय झाले? ते म्हणाले, मला ही नोकरी मिळाली, माझ्या चुलतभावाला नाही मिळाली. मग खिशातून वीस रिंगिटची नोट काढून दाखवली. तिच्यावर दोन कासवे छापली आहेत, त्यातले एक लेदरबॅक. "हे आता इथेच राहतं," म्हणाले आणि नोट घडी करून परत ठेवली. विमानाची तिकिटे काढून कासवे वाचवायला आलेल्या आम्हा दोघांना त्यावर काय बोलावे सुचेना. आमच्या मते अशा कामांत पहिला पैसा त्या चुलतभावासारख्यांवर खर्च व्हायला हवा, मग पिल्ले सोडण्याचे सोहळे. वेळासला घरोघरी पाहुणे उतरवून गावाच्या हाती चार पैसे येतात, ही गोष्ट आम्ही पाकचिकना सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. पाहुण्यांना जेवायला काय देतात, हेही विचारले. उकडीचे मोदक समजावून सांगता आमची पुरेवाट झाली. शेवटी त्यांनीच ठरवले की त्यांच्या एका गोड पदार्थासारखाच तो असणार.

शेवटच्या दोन दिवसांत उबून झालेली जुनी घरटी उकरायचे काम आले. वास असह्य. रिकामी कवचे मोजायची, न उबलेली वेगळी, आत मेलेली वेगळी, मुंग्यांनी खाल्लेली वेगळी. एका घरट्याच्या तळाशी मुळांत अडकलेली दोन पिल्ले जिवंत सापडली. ती वाळूवर ठेवली, चालू दिली. त्यांना उचलून पाण्यात नेऊन सोडायचे नाही, त्यांनी वाळू तुडवतच जायचे असते. मध्ये एक कुर्ली आडवी आली, तेव्हा आमच्यातल्या एकाने वहाण उगारली आणि मुकादम मुलीने ती हसत खाली घ्यायला लावली.

जुलैच्या मध्यावर, इकडे पाऊस धो धो कोसळत असताना, फोनवर चार ओळींचा निरोप आला. आम्ही मोजलेल्या घरट्यातून पिल्ले निघाली होती. ११२ अंडी, ९३ रिकामी कवचे, ११ न उबलेली, ८ आत मेलेली. नर किती आणि माद्या किती, ते लिहिले नव्हते. पिल्लाकडे नुसते पाहून ते ओळखता येत नाही.