घरातली जादू

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जुनी लग्नपत्रिका ठेवायची, ती तळहाताने दाबून पेला उलटा करायचा आणि हात हळूच काढायचा. पत्रिका पडत नाही. हवेचा दाब सुमारे 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, तिथे वीतभर पेल्याचं काय! कारण माहीत असूनही हात काढताना माझा श्वास दर वेळी रोखला जातो.

दिवाळीच्या सुटीत भाचरं जमली की मी असलेच खेळ काढते. ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरायची, साबण लावलेलं बोट मधोमध टेकवायचं. साबणाने तिथला पृष्ठताण कमी होतो आणि मिरपूड झर्रकन काठाकडे पळते. आजीसुद्धा चष्मा सावरत वाकून पाहते. सगळं घर एका ताटलीभोवती! मला याहून मोठी करमणूक ठाऊक नाही.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून किती खेळणी घडवली! आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे, एवढ्यावर त्यांनी भूमिती मुलांच्या हातात दिली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांचं त्यांना दाबून पाहू द्या.