दौंडचे उलटे इंजिन

आम्ही शिरूरकर, घोडनदीच्या काठचे. पुणे-नगर रस्ता आमच्या दारावरून जातो. पण आगगाडी काही गावात कधी आली नाही. त्यामुळे ‘स्टेशन’ म्हटले, की आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते भीमाकाठचे दौंड.

हे स्टेशन चांगले जुने. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि १८५८ साली पुण्याहून निघालेले रूळ दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत पोहोचले. बोरघाटातली लोहवाट मात्र पुरी झाली १८६३ साली. म्हणजे मुंबईशी सलग जोडले जाण्याआधीच दौंडने गाडी पाहिली! पुढे १८७६ चा भयंकर दुष्काळ आला. त्या दिवसांत दौंड-मनमाड मार्गाच्या मातीकामावर भुकेल्या माणसांनी हात चालवले आणि १८७८ साली तो मार्ग सुरू झाला. हा फाटा फुटला तो स्टेशनच्या पुण्याकडील अंगाला. म्हणून पुण्याहून उत्तरेला निघालेली गाडी दौंडात शिरायची, इंजिन सुटून शेपटाकडे लागायचे आणि गाडी आल्या वाटेने उलटी निघायची.

मी तिसरीत होतो. दादा फौजेत भरती झाला होता. अण्णांना तो शेतावर हवा होता. महिनाभर बापलेकांत बोलणे नव्हते. तरी दादाची ट्रंक खांद्यावर घेऊन अण्णा दौंडपर्यंत आले आणि फलाटावर पाठ फिरवून बसले. झेलम आली. दादा चढला. आई खिडकीचे गज धरून रडत होती. तेवढ्यात इंजिन सुटले आणि गाडी खोळंबली.

अण्णा उठले. भज्यांचा पुडा घेऊन खिडकीपाशी आले. म्हणाले, “तिकडं थंडी लई असती. कान बांधत जा.”

दादाने मान हलवली. त्याला बोलता येईना.

गाडी हलली ती पुण्याच्या दिशेने. आई एकदम म्हणाली, “अगं बाई, परत निघाला की!” मलाही तसेच वाटले. मग गाडी वळली आणि भीमेकडे दिसेनाशी झाली.

आता दौंडाबाहेरून कॉर्ड लाइन झाली आहे. काही गाड्या इंजिन न बदलता परस्पर मनमाडकडे जातात. वेळ वाचतो, यात शंका नाही. अण्णा आता नाहीत. दादा पेन्शनीत निघून शेत पाहतो. हिवाळा लागला, की अजून मफलरने कान बांधतो. त्या दिवशी इंजिन बदलायचे नसते, तर अण्णा त्या खिडकीपर्यंत पोहोचले असते का, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारलेले नाही.