पॉवरचा प्रश्न

'पॉवर' हा शब्द आजवर मी दोनच अर्थांनी ऐकला होता. एक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, जिची झेरॉक्स मूळ प्रतीशी ताडून पाहण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि दुसरी, जी साहेबाकडे असते. पट्ट्यावर फिरणारी आणि तेलावर चालणारी तिसरी एक पॉवर असते, हे मला थोरल्या भावाच्या पिकअपने शिकवलं. तेलपाणी तसं दुसरीलाही लागतं म्हणा, पण तो विषय वेगळा.

दादाची शेती नारायणगावकडे. टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गाडीही त्या शिरस्त्याइतकीच जुनी, स्टिअरिंग साधं. रस्त्याला लागली की गुण्यागोविंदानं वळायची. पण भरल्या गाडीचं तोंड यार्डातल्या गर्दीत जागच्या जागी फिरवायचं, तर दादा सीटवरून अर्धा उठून दात-ओठ खायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत आणखी कोणीतरी आहे आणि दोघांची जुंपली आहे!

मग एक दिवस उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "जोराचं काम बंद." दादा म्हणाला, "मग गाडी काढून टाकू." तेही अगदी शांतपणे. वहिनी घाबरली ती त्या शांतपणाला. ज्या माणसाने फुटकं घमेलंसुद्धा कधी भंगारात दिलं नाही, तो गाडी विकायला निघाला, म्हणजे दुखणं खांद्याच्या बरंच खाली उतरलं होतं.

"विकताय कशाला? पॉवर बसवा की!" मिस्त्री म्हणाला. मी पडलो बी.कॉम. जमा-नावेपलीकडचं यंत्र मला कळत नाही. तरी मिस्त्रीने समजावलं ते असं: इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो. तो दाबाखालचं तेल स्टिअरिंग बॉक्सला पुरवतो. आपण चाक वळवलं की बॉक्समधली एक सळई किंचित पिळली जाते, तेवढ्यानं झडप उघडते आणि तेल पिस्टनला हव्या त्या बाजूला रेटतं. थोडक्यात, सही दादाची, हमाली तेलाची. आमच्या शाखेत हीच पद्धत आहे; तेलाच्या जागी आम्ही असतो इतकंच.

"ही नवी थेरं आपल्याला नकोत," दादा म्हणाला. नवी कसली? फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1926 साली असं स्टिअरिंग गाडीला बसवून चालवून दाखवलं होतं. खर्च परवडत नाही म्हणून कारखानदारांनी ते बाजूला ठेवलं, आणि गिऱ्हाइकाच्या मोटारीत ते आलं 1951 साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. पंचवीस वर्षं फाईल टेबलावर! तो गृहस्थ मला एकदम आमच्या कर्जखात्यातला वाटू लागला.

मिस्त्रीने आधी पुढच्या चाकांचे किंग पिन आणि टाय रॉडचे झिजलेले सांधे बदलायला लावले. "पॉवर बसली की ढिलाई हाताला कळत नाही, साहेब. ती थेट रस्त्याला कळते." हे वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून आमच्या हेड ऑफिसला पाठवावं, असं मला फार वाटलं. मग बॉक्स बदलला, पंपासाठी इंजिनाला ब्रॅकेट बसलं. पंपाची पुली इतर पुल्यांच्या रेषेत यावी म्हणून मिस्त्रीने एक डोळा मिटून अर्धा तास काढला. रेष चुकली की पट्टा आधी किंचाळतो आणि मग उडतो म्हणे.

शेवटी तेलातली हवा काढायची होती. पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं. डबीतले बुडबुडे थांबेपर्यंत तेल घालायचं. खांद्यामुळे दादाला मनाई, म्हणून मी बसलो. दहाव्या फेरीला मला घाम फुटला. "चाकं तर हवेत आहेत, साहेब," मिस्त्री म्हणाला. दादा इतकी वर्षं काय करत होता, ते मला तेव्हा कळलं.

निघताना मिस्त्रीने दोन गोष्टी बजावल्या. स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. पंप कण्हतो, तेल तापतं. आणि उतारावर इंजिन बंद करायचं नाही; पंप थांबला की मदत संपली, चाक दगडासारखं जड. डिझेल वाचवायला घाटाच्या उतारावर इंजिन बंद करणं हा दादाचा लाडका उद्योग होता. त्याने असं तोंड केलं, जणू पेन्शनच कापली!

घरी आल्यावर वहिनीने अंगणात उभ्या गाडीचं चाक डाव्या हाताने वळवून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर जात्यापेक्षा हलकं!" दादा मात्र आठवडाभर कुरकुरत होता, "गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही." पण कुरकुरला तो गाडीत बसून, यार्डाच्या वाटेवर.

परवा दलालाचा फोन आला. "तुमची गाडी विकायची होती ना?"

"गाडी नाही हो," दादा म्हणाला, "खांदा विकायचा होता. गिऱ्हाईक असलं तर बघा."