पाठीवरची पलटण
(प्रवासाची दैनंदिनी, भाग दुसरा : हिंगोली ते वारंगा फाटा)

सोमवार, हिंगोली

गाडी वाटेत दीड तास नुसती उभी. रिक्षा ६०. लॉज ५००, गरम पाणी नाही. जेवण १२०. उतरताना पाठपिशवीच्या डाव्या कोपऱ्याचा रंग खरचटला. छातीचा पट्टा उद्या बघतो. आज अंगात त्राण नाही.

मंगळवार, हिंगोली

पाठपिशवी चढवून दिवसभर गावातच हिंडलो. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. हैदराबाद कंटिंजंट १९०३ साली इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळून गेलं, इथली छावणी उठली, मोहल्ल्यांची नावं मात्र लोकांच्या तोंडी राहिली. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि तिच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड गेला तो इंग्रजांच्या हाती. एवढ्या मोठ्या सौद्यातला साधा शिपाई पाठीवर काय घेऊन चालत होता, हे मला अंगावर घेऊन बघायचं आहे.

पिशवी १८४०च्या सुमाराच्या इंग्रजी पायदळाच्या नमुन्यावरून बेतून घेतली आहे. जाड कॅनव्हास, त्यावर जवसाच्या तेलात काजळी घोटून दिलेले थर, आणि कडा काटकोनात राहाव्यात म्हणून आत लाकडी फळ्या. दोन पट्टे खांद्यावरून येऊन काखेखालून मागे जातात. ते घसरू नयेत म्हणून तिसरा आडवा, छातीवर. कवायतीत सगळ्या पाठी एकसारख्या चौकोनी दिसाव्यात, याची काळजी या बांधणीत जागोजाग दिसते. पाठीची काळजी कुठे दिसत नाही. आत घोंगडी, दोन सदरे, धोतर, जोडा, ब्रश. किराणा दुकानाच्या काट्यावर नऊ किलो.

सदर बाजारात चपला शिवणाऱ्या एका दादांनी आरीने पट्ट्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर नवी भोकं पाडून दिली. ३० रुपये. पट्टा सैल सोडला की पिशवी कमरेखाली आपटते आणि खांदे मागे खेचले जातात. आवळला की काखेत रुततो. मधलं भोक सापडेपर्यंत दादांनी मला दुकानासमोर कितीतरी फेऱ्या मारायला लावल्या, आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

हिंगोलीच्या छावणीत एकेकाळी हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून मुंबईचं कापड आणायचा परवाना काढला, त्या मालाच्या खऱ्या धन्याला सोबतच्या माणसांसकट वाटेत मारलं आणि तेच कापड छावणीत उजळ माथ्याने विकलं. तो ठगांचा म्होरक्या होता. फिलिप मेडोज टेलरने ठगावरच्या आपल्या १८३९च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिगत सांगितली आहे, आणि हरीसिंगशी त्याचा स्वतःचाही व्यवहार होता. पिशवीतले सदरे घडी करताना तेच आठवत राहिलं. कुणा शिपायाने त्या कापडाचा सदरा शिवून पाठीवर वागवला असेल.

बुधवार, कळमनुरी

पोचलो. रस्त्यावर ट्रक, धूळ, ऊन. छातीचा पट्टा. चढ आला की श्वास पुरा भरत नाही, बोटांना मुंग्या येतात. फळीची कड माकडहाडावर घासते. काळा रंग उन्हात चिकट होऊन सदऱ्याला लागला. चौकात पोरांनी विचारलं, "काका, पार्सल कुणाचं?" उत्तर द्यायलाही दम नव्हता. खर्च : चहा २०, पाणी ४०, जेवण १००, खोली ४००.

गुरुवार, कळमनुरी

आज पुढे जायचं नव्हतं. गावाबाहेर एका शेतात हळद शिजत होती. सगळीकडे वाफ आणि तो उग्र, मातकट वास. शेजारी वाळलेल्या हळदीची पोती टेम्पोत भरली जात होती. भरणाऱ्यांतले एक वयस्क हमालमामा माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग पोतं ठेवून आले.

"सर, हे छातीवरचं कामून बांधलंय?"

"जुन्या शिपायांचं असंच असायचं, मामा."

"मंग त्याला धाप लागत आसंल. वज्जं वर आलंय तुमचं. कमरंवर घ्या. खांदा नुसता धराया आसतो."

त्यांनी स्वतःच छातीचा पट्टा सोडला, जड जोडा तळातून काढून पाठीला चिकटून लावला, घोंगडीची वळकटी वरून काढून खाली बांधली. मग खांद्यावरचा रुमाल फळीच्या कडेखाली घालून म्हणाले, "आता चाला." पहिल्या पन्नास पावलांतच श्वास मोकळा झाला.

आडव्या पट्ट्याने छाती आवळली जाते, हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो, हे इंग्लंडात एडमंड पार्क्ससारख्या लष्करी डॉक्टरांनी १८६०च्या दशकात समित्यांपुढे मांडलं. १८७१ साली नवा सरंजाम आला आणि ओझं कमरेकडे उतरलं. धाप कुणाला लागते, हे मामांनी माझ्याकडे बघून ओळखलं. त्या काळी पलटणीच्या शिपायाला हे कुणी विचारलं असतं, तर निम्मं शतक वाचलं असतं असं मला मनापासून वाटतं. मामांना रुमाल परत घ्या म्हटलं. घेतला नाही. त्यांच्या घरची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तुरीच्या दाण्यांची आमटी खाऊन परतलो. एवढी चव या प्रवासात दुसरीकडे मिळालेली नाही.

शुक्रवार, आखाडा बाळापूर

सातला निघालो. चहा १०, केळी ३०, जेवण ९०. पुलाच्या कामामुळे वळसा, पाऊण तास गेला. धूळ. खोली मिळायला उशीर, ४५०.

शनिवार, वारंगा फाटा

खिचडी! या फाट्यावर थांबून ती न खाता पुढे जाणारा माणूस मला भेटायचा आहे. वाफाळती, पापड आणि तळलेली मिरची. दोनदा घेतली.

इथून नांदेडचा रस्ता. कंटिंजंटच्या तुकड्या १८५८ साली इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेबरोबर झाशीवर आणि पुढे काल्पीवर चालून गेल्या. राणीच्या विरुद्ध. ते मी विसरत नाही आणि विसरावं असंही वाटत नाही. हा सरंजाम अंगावर घालून कुणाचा जयजयकार करायची माझी इच्छा नाही. पण हुकूम देणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत आणि चालणाऱ्यांच्या वाट्याला एक पेन्शनपुरा आला, ही गोष्ट मला बोचते.

पुढच्या टप्प्यात रोज पहिला तास छातीचा पट्टा बांधूनच चालणार, पुढे मामांच्या पद्धतीने, आणि दोन्ही वेळची नाडी मोजून लिहिणार. नांदेडला एका सुताराकडून फळ्यांच्या कडा गोल करून घ्यायच्या आहेत. खिचडी १२०, चहा १०.