रात्री दीडची रांग

फोन हँग झाला की आपण पॉवरचं बटण दाबून धरतो. सर्व्हर गोठला तरी बहुतेक ठिकाणी हेच होतं. मशीन परत सुरू झालं की सगळे मूळ कारण विसरतात आणि लक्षात राहतो तो बटण दाबणारा.

माझ्याकडे आलेला सर्व्हर पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा होता. मेमरी ६४ जीबी, डिस्क मात्र जुन्या, फिरणाऱ्या. रात्री दीडच्या सुमारास तो गोठायचा. रात्रपाळीला पन्नाशीचे एक टेक्निशियन काका. आयसीयूतून फोनवर फोन येत, दहा मिनिटं वाट पाहून काका बटण दाबत. तिसऱ्या वेळी सकाळी काही स्कॅन शून्य बाइटचे निघाले आणि काकांना निष्काळजीपणाची नोटीस मिळाली. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने हात वर केले होते.

"मॅडम, पेशंटचं पोटॅशियम मला मशीनवर दिसतंय, पण रिपोर्ट निघत नाही. मी बसून राहू का?" काकांनी विचारलं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

लॉगमध्ये त्या वेळेचं काहीच नव्हतं. नसणारच, लॉग लिहायलाही डिस्कच लागते. म्हणून एका रात्री मी आधीच लॉगिन करून 'व्हीएमस्टॅट' चालू ठेवलं आणि बसले. दीड वाजता बॅकअप सुरू झाला. थोड्या वेळाने नवं लॉगिन होईना, पण पिंगला उत्तर येत होतं. पिंगचं उत्तर कर्नल मेमरीतूनच देतो. लॉगिनला डिस्कवरून काहीतरी वाचावं लागतं. लोड चाळीसच्या वर, सीपीयूला मात्र जवळपास काम नाही. लिनक्स डिस्कसाठी खोळंबलेले प्रोग्रामही लोडमध्ये मोजतो. अशा प्रोग्रामला 'किल -९' दिलं तरी डिस्कचं उत्तर येईपर्यंत तो मरत नाही.

कारण असं होतं. आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा लिनक्स ती आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. न उतरवलेला असा माल किती साठू द्यायचा, याची मूळ मर्यादा उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असते. इथे ती बारा जीबीच्या आसपास जाऊ शकत होती. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या डिस्कला एवढं उतरवायला दोन मिनिटं लागतात. लिखाण विखुरलेलं असेल तर कितीतरी जास्त. मर्यादा भरली की लिहिणाऱ्यांना थांबवलं जातं. त्यात डेटाबेसही अडकतो. भरीला स्वॅपही त्याच डिस्कवर होता. बॅकअपच्या गर्दीत डेटाबेसची पानं स्वॅपमध्ये ढकलली जात आणि ती परत आणायला त्याच रांगेत उभं राहावं लागे. बटण दाबलं की मेमरीतला न उतरलेला माल जायचा. शून्य बाइटचे स्कॅन त्यातलेच.

उपाय साधे होते. 'डर्टी बाइट्स' २५६ एमबी आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' ६४ एमबी केले, म्हणजे लिखाण लवकर सुरू होतं आणि बॅकअपलाच मध्येमध्ये थांबावं लागतं. बॅकअपच्या वेगाला लगाम घातला. डेटाबेसला दिलेली मेमरी कमी केली, स्वॅप एका छोट्या एसएसडीवर नेला. शिवाय 'प्रेशर'चे आकडे नोंदवायला लावले. लिनक्सच्या ४.२० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८च्या अखेरीपासून, मेमरी आणि डिस्कसाठी प्रोग्राम किती वेळ खोळंबले हे थेट वाचता येतं. तुमच्याकडे असा सर्व्हर असेल तर तिथूनच सुरुवात करा. 'फ्री मेमरी' कमी दिसली म्हणून घाबरू नका. रिकामी मेमरी कॅशला वापरणं हे लिनक्सचं कामच आहे.

बॅकअपला आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्या काळात रिपोर्ट निघतात.

लॅबच्या डॉक्टरांना मी व्हीएमस्टॅटचे आकडे वेळेसकट छापून दिले. ते म्हणाले, "ठीक आहे, नोटिशीचं विसरून जाऊ." मी म्हटलं, नोटीस लेखी आहे, तर मागेही लेखीच घ्या. त्यांना ते आवडलं नाही. चार दिवसांनी काकांनी त्या पत्राचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.