मग ती बाई काय खात होती?

राजकन्येने बेडकाचा पापा घेतला आणि बेडकाचा राजपुत्र झाला, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. आता गंमत ऐका. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात ही गोष्ट अगदी पहिल्या नंबरावर आहे, आणि तिच्यात पापा-बिपा काही नाही. बेडूक हट्ट धरतो, मला तुझ्या बिछान्यावर झोपायचंय. राजकन्या चिडते, त्याला उचलते आणि फाडकन भिंतीवर आपटते! खाली पडतो तो राजपुत्र. पापा पुढच्या कुणीतरी घातला. भिंतीवर आपटून राजपुत्र होतो हे त्यांना बरं वाटलं नसावं.

लाल टोपीवालीचंही तसंच. फ्रान्समधल्या शार्ल पेरो यांनी १६९७ साली ती गोष्ट छापली, तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो, आजी आणि नात धडधाकट बाहेर येतात, हे सगळं ग्रिमच्या पुस्तकातलं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी छापलेलं.

हे सांगायचं कारण असं की, "जुन्या गोष्टी आपल्या मनाने सांगाव्यात का?" असं मुलं मला नेहमी विचारतात. कुणा मोठ्या माणसाने त्यांना दटावलेलं असतं, की मूळ गोष्ट बदलू नये. मी म्हणते, मूळ कुठली ते आधी दाखवा!

खुद्द ग्रिम बंधूंचं बघा. याकोब आणि विल्हेल्म हे दोघे भाऊ कासेल या शहरात राहत. त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग १८१२ साली निघाला. त्यात ८६ गोष्टी होत्या, चित्र एकही नाही, आणि मागे टिपाच टिपा. मुलांपेक्षा पंडितांनी वाचावं असं ते पुस्तक. १८१५ मध्ये दुसरा भाग आला. मग आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली आणि १८५७ साली सातवी आली. या पंचेचाळीस वर्षांत धाकटा विल्हेल्म गोष्टींवरून हात फिरवतच राहिला. इथे एक वाक्य वाढव, तिथे एक पात्र बदल.

दोघे भाऊ पाठीवर पिशवी टाकून खेडोपाडी हिंडले असतील, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच गोष्टी त्यांना घरबसल्या मिळाल्या. ओळखीच्या घरांतल्या शिकल्यासवरल्या मुली त्या सांगत. त्यांतली एक, डॉर्टशेन विल्ड, पुढे विल्हेल्मची बायको झाली. पण मला सगळ्यांत आवडते ती डोरोथेआ फिएमान. कासेलजवळच्या खेड्यातल्या शिंप्याची ही बायको शहरात माळवं विकायला यायची आणि गोष्टी सांगायची. तिच्या वडिलांची खाणावळ होती, वाटसरू उतरायचे तिथे. लहानपणी तिने काय काय ऐकलं असेल! ग्रिमनी लिहून ठेवलंय की, तिला पुन्हा सांग म्हटलं तर ती सावकाश, लिहून घेता येईल अशी सांगायची, आणि शब्द चुकला तर स्वतःच दुरुस्त करायची. म्हणजे सांगणारी काही बदलत नव्हती. बदलले ते लिहिणाऱ्यांनी.

आता हॅन्सेल आणि ग्रेटेलकडे येते. ही गोष्ट माझ्या आयुष्यात जरा जास्तच घुसलेली आहे.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. सातव्या वर्षी अण्णांनी दुसरं लग्न केलं आणि माई घरात आली. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं आमचं गाव. गावात 'सावत्र' हा शब्द हळू आवाजात बोलायचे, जसा कुणाच्या आजाराबद्दल बोलतात तसा. शेजारची एक काकू मला भिंतीआड घेऊन विचारायची, "पोटभर घालते का गं तुला?" मी "हो" म्हटलं की तिचा चेहराच पडायचा! शाळेत बाई सिंड्रेलाची गोष्ट सांगत होत्या, तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. सिंड्रेला, हिमगौरी, हॅन्सेल-ग्रेटेल, जी गोष्ट काढावी तिच्यात सावत्र आई हजर, आणि ती दुष्टच. चांगली सावत्र आई परदेशात जन्मालाच येत नसावी असं मला वाटायचं. आपल्याकडच्या गोष्टींतही ती फारशी नव्हतीच म्हणा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. विहिरी आटल्या, जनावरं विकली. अण्णा आणि माई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर मिलो मिळायचा. ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी तांबूस व्हायची आणि घशाखाली उतरता उतरत नसे. कामावर सुकडी वाटायचे. माई तिच्या वाट्याची पदराला बांधून आणायची आणि आम्हां दोघा भावंडांना द्यायची. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

त्या दिवसांत शाळेच्या कपाटातलं एक फाटकं पुस्तक मी घरी आणलं होतं. रात्री चिमणीच्या उजेडात धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवायची. हॅन्सेल-ग्रेटेलची पाळी आली. गरीब लाकूडतोड्या, घरात अन्नाचा कण नाही, सावत्र आई नवऱ्याला सांगते, पोरांना रानात सोडून या. मी वाचताना जरा अडखळले, कारण माई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या हाताला खडीने फोड आले होते, त्यांना ती तेल लावत होती. मी वाचत गेले. पोरांना पावाचा तुकडा दिला, पोरं रानात गेली, पाखरांनी चुरा खाल्ला.

माईने मध्येच विचारलं, "मग ती बाई काय खात व्हती?"

मी पान उलटून बघितलं. पुस्तकात नव्हतं.

"न्हाई, पोरास्नी तुकडा दिला म्हंतीस. नवरा लाकडं तोडाया जातो, म्हंजी त्यो बी कायतरी खाऊनच जात आसंल. मग तिच्या वाट्याला काय ऱ्हायलं?"

भाऊ कुरकुरला, पुढं वाच म्हणाला. पुढे चेटकिणीचं घर आलं, ग्रेटेलने चेटकिणीला भट्टीत ढकललं, मुलं माणिकमोती घेऊन घरी आली. आणि शेवटी एक ओळ होती, की सावत्र आई तोवर मरून गेली होती. माई म्हणाली, "मरंल न्हाई तर काय." आणि चिमणी विझवायला उठली.

पुढे शहरात शिकायला गेल्यावर, ग्रिमच्या आवृत्त्यांची तुलना करणारं एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती लागलं. त्यात पहिल्यांदा वाचलं, की १८१२ च्या हॅन्सेल-ग्रेटेलमध्ये सावत्र आई नाहीच. ती आई आहे. सख्खी. हिमगौरीची आईसुद्धा तेव्हा सख्खीच होती, ती सावत्र झाली १८१९ च्या आवृत्तीत. हॅन्सेल-ग्रेटेलची झाली १८४० मध्ये. ग्रंथालयात बसल्या बसल्या मला हसू आलं आणि रागही आला. विल्हेल्मसाहेब, एका शब्दाने केवढं काम केलंत!

अभ्यासक सांगतात, पुस्तक घराघरांत मुलांसाठी वाचलं जाऊ लागलं, तेव्हा आई असं करते हे विल्हेल्मना दाखववेना. त्या काळी बाळंतपणात बायका मरत, पुरुष पुन्हा लग्न करत, त्यामुळे सावत्र आया पुष्कळ घरांत होत्या. पात्र तयारच होतं. पण माझं मत विचाराल तर या बदलाने गोष्ट सोपी झाली आणि बिघडली. सख्खी आई पोरांना सोडायला निघते, तेव्हा ऐकणारा हबकून विचारतो, का? केवढी भूक असेल? सावत्र आई म्हटलं की प्रश्नच मिटला. ती तसलीच!

तर मित्रांनो, जुनी गोष्ट नव्याने सांगायची कल्पना कुठून मिळते, याचं माझ्यापुरतं उत्तर माईच्या प्रश्नात आहे. गोष्टीत ज्याच्याबद्दल कुणीच विचारलेलं नाही, त्याच्याबद्दल विचारायचं. नावं बदलून काही होत नाही. मी ते करून बघितलंय. हॅन्सेलचा हणमंता आणि ग्रेटेलची गिरजा केली, पावाची भाकरी केली आणि दोघांना माणच्या रानात सोडलं. गोष्ट तिथेच बसली! आमच्याकडे जंगल कुठाय? उघडा माळ. तिथे सोडलेलं पोर तीन गावांवरून दिसेल. जर्मनीतल्या त्या दाट, अंधाऱ्या रानाशिवाय ती गोष्ट उभीच राहत नाही. मग मी हॅन्सेलला त्याच्या रानात परत पाठवलं आणि फक्त बाईकडे बघायला लागले.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चेटकिणीचं घर आजकालच्या चित्रांत बिस्किटांचं, चॉकलेटचं असतं. ग्रिमच्या गोष्टीत भिंती साध्या पावाच्या आहेत. छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या, पण भिंती पावाच्या. खरा उपाशी मुलगा आधी पावच बघणार ना! १९७२ साली मला कुणी घर दाखवलं असतं तर त्याच्या भिंती पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरीच्या असत्या. चॉकलेट तेव्हा ठाऊकही नव्हतं.

माझ्या गोष्टीत ती बाई रोज रात्री रिकाम्या भांड्यात डाव फिरवते, आवाज करते, म्हणजे पोरांना वाटावं आई जेवते आहे. पोरांना सोडून यायचा विचार तिच्या डोक्यात कसा येतो, तेही मी लिहिलंय. तिला मी माफ केलेलं नाही. पोरांना रानात सोडणं ते सोडणंच. माईला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "आता खरी वाटती बाई." बक्षिसांची मला फार हाव नाही, पण हे मी जपून ठेवलंय.

तुम्हीही बघा शोधून. रम्पलस्टिल्टस्किनच्या गोष्टीत गिरणीवाला राजाला थाप मारतो, की माझी मुलगी गवताच्या काड्यांचं सोनं कातते. जीव टांगणीला लागतो तो मुलीचा. बाप कुठे जातो? गोष्टीत पुन्हा दिसतच नाही! जोसेफ जेकब्ज यांच्या १८९० सालच्या इंग्लिश लोककथांच्या पुस्तकात मिठाची गोष्ट आहे. मुलगी बापाला सांगते, मांसाला मीठ जितकं प्रिय, तितके तुम्ही मला. बाप तिला हाकलतो, आणि पुढे अळणी जेवणाने त्याचे डोळे उघडतात. आपल्याकडेही मिठाची गोष्ट आहेच, आजीकडून ऐकली असेल. मला त्यातली स्वयंपाकीण हवी आहे. लग्नाच्या पंगतीत सगळं अळणी करायचा हुकूम तिला मिळतो. बिचारी म्हणतेसुद्धा, की फार बेचव होईल. एवढ्या पाहुण्यांसमोर कुणाचं नाव खराब होणार?

आणि भोपळ्यातली म्हातारी? ती पोर्तुगालमध्येही आहे, बरं का! तिथलीही म्हातारी आपल्या माणसांकडे समारंभाला निघते, वाटेत तिला लांडगा गाठतो, जाडजूड होऊन येते म्हणून ती सुटका करून घेते आणि येताना भोपळ्यात बसून गडगडत येते. ती तिकडून इकडे आली की इकडून तिकडे गेली, याचा वाद विद्वान घालोत. मला वेगळंच सुचलंय. म्हातारी तिकडे तूपसाखर खात होती, तितके दिवस लांडगा रानात काय करत होता? त्याने तर शब्दावर विश्वास ठेवला होता. लिहायला घेतलंय. तीन पानं झालीत, आणि लांडगा अजून उपाशीच आहे.